आर्वीचं पावणेदोनशे

2007 चा जून संपत आला होता. मृग सरून आर्द्रा लागल्या होत्या आणि आर्वीच्या बाजारात कृषी केंद्रापुढे पऱ्हाटीच्या बियाण्याची रांग होती. साडेचारशे ग्रॅमच्या बीटीच्या थैलीसाठी माणूस तासभर उन्हात उभा राहतो तेव्हा त्याला दोनच कामं असतात, पुढच्याची पाठ बघणं आणि पेपर वाचणं. पेपर एकाचा आणि वाचणारे सात. पहिल्या पानावर पाऊस नव्हता, प्रतिभाताई पाटील होत्या.

बातमी अशी, की राष्ट्रपतिपदाच्या या उमेदवार माउंट अबूला ब्रह्माकुमारींच्या मुख्यालयात गेल्या होत्या. तिथं दादी हृदयमोहिनी यांच्या देहातून 'बाबा' आपल्याशी बोलले आणि मोठी जबाबदारी येणार असल्याचा संकेत त्यांनी दिला, असं त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं. हे बाबा म्हणजे संस्थेचे संस्थापक दादा लेखराज. ते 1969 च्या जानेवारीतच वारले होते.

"मंग काय झालं? बाई चांगली हाये. अमरावतीची सून हाये आपली."

"सून हाये थे ठीक हाये. पन मेलेल्या मानसाशी बोलते म्हनते ना!"

यावर मागून एक म्हातारा बोलला. त्याचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही. "आमच्या बुढीच्या अंगात दर मंगळवारी येते. तिले कोनी कोतवालही केलं नाही."

रांग हसली. त्या हशात राग नव्हता, हिशेब होता. पुढं तो वाद काउंटरपर्यंत चालला. सून, मराठी माणूस, बाई, काँग्रेस, अंगात येणं, शिवसेनेनं आपल्या मित्रपक्षाला दिलेला ठेंगा असं सगळं त्यात येऊन गेलं. बँकेचा विषयही निघाला. ज्या महिला सहकारी बँकेला प्रतिभाताईंचं नाव होतं, त्या जळगावच्या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं 2003 मध्ये रद्द केला होता. त्याच्यावर बोलताना मात्र आवाज खाली आले. ठेव अडकणं म्हणजे काय, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

गंमत ही, की एवढं हमरीतुमरीवर येणाऱ्यांपैकी एकालाही या निवडणुकीत मत नव्हतं.

म्हणजे होतं, पण ते त्यांच्या खिशात नव्हतं. राष्ट्रपती निवडतात ते संसदेच्या दोन्ही सभागृहांतले आणि राज्यांच्या विधानसभांमधले निवडून आलेले सदस्य. नेमलेल्यांना मत नाही, विधान परिषदेलाही नाही. 2007 मध्ये असे मतदार होते 4,896, त्यांत 776 खासदार आणि 4,120 आमदार. प्रत्येकाच्या मताचं वजनही सारखं नसतं. आमदाराच्या मताचं वजन काढायचं तर राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं आणि पुन्हा हजारानं भागायचं. लोकसंख्या मात्र आजची नाही, 1971 च्या जनगणनेची. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून ती गोठवून ठेवली आहे. महाराष्ट्र तेव्हा होता 5 कोटी 4 लाख 12 हजार 235. भागिले 288, भागिले एक हजार, उत्तर 175. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं 208, सिक्कीमच्या आमदाराचं अवघं 7.

तर आर्वी मतदारसंघाचं मत पावणेदोनशेचं. ते आर्वीत पडत नाही, मुंबईत विधान भवनात पडतं. पेटीत पडतो तो गुलाबी कागद. खासदारांचा कागद हिरवा आणि त्याचं वजन त्या वर्षी 708. मतदान गुप्त असतं, पक्षाचा व्हिप इथं चालत नाही. तेव्हा आर्वीचे आमदार होते काँग्रेसचे अमर काळे आणि वर्ध्याचे खासदार होते भाजपचे सुरेश वाघमारे. एकाच तालुक्याच्या नावानं 175 एका पक्षाच्या माणसाच्या हाती आणि 708 दुसऱ्या पक्षाच्या. कोणी कुठं आकडा मांडला हे कायद्यानं कुणालाच कळायचं नाही. अंदाज बांधायला अर्थातच कुणी अडवलेलं नाही.

या रचनेचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. रांगेतल्या माणसाला उत्तर देण्याची गरज राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला पडत नाही. आमदारकीला उभ्या राहिलेल्या माणसाला आर्वीच्या चौकात कुणीही विचारू शकतं, की बाबा, तू कोणत्या महाराजांचा आणि उद्या आमचं ऐकशील की त्यांचं? अमेरिकेत जॉन केनेडींना 1960 मध्ये ह्यूस्टनला जाऊन प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर उभं राहावं लागलं. आपण कॅथलिक असलो तरी पोपचा हुकूम पाळणार नाही, हे त्यांनी तिथं फोड करून सांगितलं. बराक ओबामांना 2008 मध्ये आपले पाद्री जेरेमाया राइट यांच्या जहाल प्रवचनांबद्दल फिलाडेल्फियात भाषण करावं लागलं आणि शेवटी ते चर्चही सोडावं लागलं. तिथं मतं लोकांपाशी आहेत, तेव्हा उत्तरही लोकांनाच द्यावं लागतं. आपल्याकडे 4,896 जणांची मोट बांधली की झालं.

म्हणून इथला वाद असाच होतो, रांगेत, पारावर, पानठेल्यावर. उमेदवार तिथं नसतो आणि मतही नसतं. तरीही या वादाला मी निरुपयोगी म्हणणार नाही.

आधी बाईंची ओळख, कारण बातमीत ती हरवली होती. जन्म 1934 चा, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. 1962 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावमधून आमदार, मग एदलाबादमधून 1985 पर्यंत सलग. मंत्रिपदं, विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचं उपसभापतिपद, 1991 मध्ये अमरावतीतून लोकसभा, 2004 मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल. पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे, त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातल्या सीकरकडचं. समोरचे उमेदवार भैरोसिंह शेखावतही सीकरकडचेच. त्यामुळे आमच्याकडे म्हणायचे, कोणी का निवडून येईना, गुलाल शेखावतांच्याच घरी. शिवसेनेनं भाजपला सोडून प्रतिभाताईंना मतं दिली ती मराठी म्हणून. महाराष्ट्रातून याआधी चिंतामणराव देशमुख 1969 मध्ये या पदासाठी उभे होते आणि तिसरे आले होते. त्यानंतर मराठी नाव असं समोर आलं ते अडतीस वर्षांनी.

आता अंगात येण्याबद्दल.

त्या म्हाताऱ्याच्या वाक्यातली खोच नीट बघायला हवी. त्याच्या घरच्या बाईच्या अंगात येतं त्याला गाव 'अंगात येणं' म्हणतं. थोडी भीती, थोडी थट्टा. मोठ्या देवस्थानात तेच झालं की 'संचार'. संगमरवरी सभागृहात, पांढऱ्या साडीतल्या शांत स्त्रीच्या मुखातून झालं की 'संकेत'. शब्द बदलतो तो प्रकार बदलल्यामुळे नाही, जागा बदलल्यामुळे. पेपरांनी 'आत्म्याशी संवाद' असं छापलं आणि गोष्ट सभागृहातून उचलून थेट कडुनिंबाखाली आणून ठेवली. म्हणून एवढा गहजब झाला.

ब्रह्माकुमारींच्या बाजूनं पाहिलं तर त्यांना हा शब्दच मान्य होणार नाही. सिंध हैदराबादचे लेखराज कृपलानी हे हिऱ्यांचे व्यापारी. 1930 च्या दशकात त्यांनी ही मंडळी जमवली आणि 1950 मध्ये ती माउंट अबूला आली. कारभार आरंभापासून बायकांच्या हाती, ही त्या काळी आणि आजही लहान गोष्ट नाही. अनुयायांच्या लेखी परमात्मा शिव हा निराकार ज्योतिर्बिंदू आहे आणि तो लेखराजांच्या, म्हणजे ब्रह्माबाबांच्या मुखातून बोलत असे. लेखराज गेल्यावर शिव आणि ब्रह्मा मिळून 'बापदादा' हे दादी हृदयमोहिनींच्या देहातून बोलतात अशी श्रद्धा रूढ झाली. ते बोल 'अव्यक्त मुरली' म्हणून छापले जातात, केंद्राकेंद्रांत सकाळी वाचले जातात. मोठ्या सभेत हजारो माणसं ते ऐकायला बसत. म्हणजे प्रतिभाताईंनी काही गुप्त, अघोरी केलं नव्हतं. त्या पंथात जे सगळेच मानतात तेच त्यांनी मानलं आणि सांगितलं.

खरं तर सांगितलं हाच घोटाळा झाला. राजकारणातली बहुतेक माणसं कुठल्या ना कुठल्या बाबाकडे जातात, पण परत आल्यावर फक्त प्रसादाचा फोटो दाखवतात. संभाषण सांगत नाहीत.

आमच्या भागात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण आम्ही वर्धा नदीच्या काठचे. नदीपलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिथून पुढं मोझरी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावोगाव जे सांगितलं त्यात भक्ती होतीच, आणि अंगात आणणाऱ्या, गंडेदोरे बांधणाऱ्या भोंदूंना फटकेही होते. म्हणजे आर्वीच्या माणसाला देवभोळा म्हणून मोडीत काढता येत नाही आणि नास्तिकही म्हणता येत नाही. तो सकाळी तुकडोजींची ग्रामगीता वाचतो, दुपारी रांगेत 'संकेता'वर हसतो, संध्याकाळी बुढीच्या पुढ्यात नारळही फोडतो. यात विसंगती आहे का? आहे. पण त्याच्याकडे एक कसोटीही आहे, न शिकवता आलेली. ज्याच्या अंगात येतं तो त्या नावावर काय मागतो, हे तो बघतो. कोंबडं मागितलं तर चालतं, दुसऱ्याचं शेत मागितलं तर चालत नाही.

नंतर महाराष्ट्राच्या कायद्यानंही जवळपास हीच रेघ ओढली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यावर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतल्या बारा कलमांत श्रद्धेला शिक्षा नाही. अलौकिक शक्ती आपल्यात आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, फसवणं, लुबाडणं, छळणं याला आहे. तुमच्याशी कोण बोलतं याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

ही रेघ राष्ट्रपतिपदाला लावून पाहू. घटनेच्या 58 व्या कलमात पात्रता दिली आहे: भारताचा नागरिक, वय 35 पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र, लाभाचं पद नको. धर्माचा शब्द नाही. शेजारच्या पाकिस्तानात राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा लागतो. आपल्याकडे शपथही दोन तऱ्हांची आहे, देवाला साक्ष ठेवून घ्या किंवा नुसती गांभीर्यानं प्रतिज्ञा करा. आणि 74 व्या कलमानं राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं बांधलेलं आहे. फार तर एकदा फाइल फेरविचारासाठी परत पाठवता येते. तोच सल्ला पुन्हा आला की सही. तेव्हा बाबांनी काहीही सांगितलं तरी त्या खुर्चीत त्याचं काय होणार, हा प्रश्न जितका भीतिदायक वाटतो तितका तो नाही. पण एकदम पोकळही नाही. परत पाठवायची की नाही, किती दिवस ठेवायची, त्रिशंकू लोकसभेत आधी कुणाला बोलवायचं, हे त्या माणसाच्या बुद्धीवर सोडलेलं आहे.

मग अशा माणसाची परीक्षा कुठं घ्यायची? माझ्या मते प्रतिभाताईंचा पेपर माउंट अबूला नव्हताच, तो जयपूरला होता आणि 2006 मध्येच सोडवून झाला होता. त्या वर्षी वसुंधरा राजेंच्या भाजप सरकारनं धर्मांतरावर निर्बंध घालणारं विधेयक राजस्थान विधानसभेत मंजूर करून घेतलं. राज्यपाल प्रतिभाताईंनी त्यावर सही केली नाही. काही तरतुदी धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कावर येतात, असं म्हणून त्यांनी ते परत पाठवलं. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रपती कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. जयपूरची गोष्ट मराठी पेपरांत किती आली असेल? रांगेत तरी ती कुणाला ठाऊक नव्हती, मलाही नव्हती. काँग्रेसच्या राज्यपालानं भाजपच्या विधेयकाला अडवलं, यात धर्मस्वातंत्र्य किती आणि पक्ष किती, असं विचारता येईल आणि विचारायलाच हवं. पण वाद घालायला तो कागद तरी होता. त्यावर त्यांची हरकत लिहिलेली होती.

उलट बाजूचा पुरावाही होता. उमेदवारी जाहीर झाल्यावर तीनच दिवसांनी, 17 जूनला, उदयपूरच्या महाराणा प्रताप जयंतीच्या कार्यक्रमात त्या म्हणाल्या, की पडद्याची चाल मुघलांच्या आक्रमणापासून स्त्रियांना वाचवण्यासाठी पडली, आता ती सोडावी. हेतू चांगला, इतिहास कच्चा. ही चाल मुघलांच्या आधीपासून होती असं इतिहासकारांनी सांगितलं, मुस्लिम संघटनांनी निषेध केला. माझ्या हिशेबात हे वाक्य माउंट अबूच्या संकेतापेक्षा जास्त वजनाचं आहे. एक स्वतःबद्दल होतं, दुसरं इतरांबद्दल. पण आत्म्यापुढे इतिहासाला कोण विचारतो!

या पदाभोवती धर्माचं सावट पहिल्या माणसापासून आहे. राजेंद्रप्रसादांनी 11 मे 1951 रोजी सोमनाथच्या नव्या मंदिरात प्राणप्रतिष्ठेला जाऊ नये असं नेहरूंना वाटत होतं. ते गेले. 1967 मध्ये झाकिर हुसेन उभे राहिले तेव्हा मुसलमान राष्ट्रपती चालेल का, अशी कुजबूज होती. समोर सरन्यायाधीशपद सोडून आलेले सुब्बाराव होते. हुसेन 4,71,244 विरुद्ध 3,63,971 असे निवडून आले आणि शपथेआधी शृंगेरीच्या शंकराचार्यांना भेटून आले. तेव्हा काही मुसलमानच नाराज झाले. ग्यानी झैलसिंग राष्ट्रपती असताना सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं आणि 1984 मध्ये अकाल तख्तानं त्यांना तनखैया, म्हणजे धर्मदोषी, ठरवलं. म्हणजे सोमनाथला पंतप्रधान नाराज, अमृतसरला धर्मपीठ. 2007 मध्ये काँग्रेसच्या मनात आधी लातूरचे शिवराज पाटील होते, पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांचे भक्त. डाव्यांनी त्यांना मान डोलावली नाही. पण त्या नकारानंतर जे नाव आलं, तेही एका बाबांच्या दरबारातूनच.

19 जुलैला मतदान झालं, 21 ला मोजणी. प्रतिभाताई 6,38,116, भैरोसिंह 3,31,306. 25 ला शपथ. पुढच्या पाच वर्षांत त्यांच्या सहीनं तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेवर आली. त्यावर ज्यांना संकेत वगैरे शोधायचे होते त्यांनी शोधले, पण त्या फाइली गृहमंत्रालयाच्या शिफारशीवर आल्या होत्या. एका प्रकरणात तर ज्याची फाशी रद्द झाली तो कैदी काही वर्षांपूर्वीच तुरुंगात वारलेला निघाला. मेलेल्या माणसाशी राष्ट्रपती भवनाचा खरा संबंध आला तो असा, सरकारी कागदावरून.

मग 2022 चा जून. पुन्हा पेरणी, पुन्हा रांग, फक्त पेपराच्या जागी मोबाइल. द्रौपदी मुर्मूंचं नाव 21 जूनला जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी त्या रायरंगपूरच्या शिवमंदिरात झाडू मारताना सगळ्यांच्या हातातल्या पडद्यावर दिसल्या. दोन तरुण मुलं आणि नवरा थोड्या वर्षांच्या अंतरानं गेले, त्या काळात त्या ब्रह्माकुमारींकडे वळल्या आणि तिथल्या ध्यानानं सावरल्या, हेही बातम्यांत आलं. तीच संस्था, तेच माउंट अबू, तेच 'ओम शांती'. या वेळी रांगेत कुणी हसलं नाही. शिवसेनेनं याही वेळी आपली आघाडी सोडून मतं दिली, तिच्यावरच जास्त बोलणं झालं.

पंधरा वर्षांत काय बदललं? देश जास्त देवभोळा झाला असं एक उत्तर सोपं आहे आणि ते थोडं खरंही असेल. पण मला वाटतं त्या रांगेनं फरक बरोबर ओळखला होता. एकीनं देवाकडून दुःख सहन करायचं बळ घेतलं होतं. दुसरीनं, निदान छापून आलं त्याप्रमाणे, पदाचा निरोप घेतला होता. कोंबडं आणि शेत यांतला तो फरक.

18 जुलैला मतं पडली. मुर्मू 6,76,803, यशवंत सिन्हा 3,80,177. खासदाराच्या मताचं वजन 700 वर आलं होतं, कारण जम्मू-काश्मीरला विधानसभा उरली नव्हती. आर्वीचं होतं तेवढंच राहिलं, 175. तेव्हा आमदार होते भाजपचे दादाराव केचे.

त्या वर्षी निवडणूक आयोगानं मतपेट्यांची विमानातली व्यवस्था जाहीर केली. पेटी सामानात टाकायची नाही, तिला प्रवाशासारखं स्वतःचं तिकीट, स्वतःची खुर्ची, शेजारी अधिकारी. तिकिटावर नाव 'मिस्टर बॅलट बॉक्स'. बियाण्याच्या रांगेत मी हे वाचून दाखवलं. पुढचा म्हातारा, 2007 चा नव्हे, दुसराच, पण तसाच, जरा वेळ विचार करत राहिला.

"म्हंजे आपले पावणेदोनशे इमानानं दिल्लीले गेले?"

"गेले."

"खुर्चीवर बसून?"

"खुर्चीवर बसून."

"आन् आपन," तो म्हणाला, "पुलगावच्या छोट्या गाडीत आयुष्यभर दांडीले लटकून गेलो. थे बी बंद पडली." मग थैलीचे पैसे मोजायला त्यानं धोतराची गाठ सोडली.